क्षमेची घाई कोणाला आहे?

वाचकाचे पत्र (संक्षेपाने)

माझे वय बेचाळीस. वडिलांच्या आजारपणात चार वर्षे त्यांचे सगळे मी केले. लांब राहत असल्याचे कारण सांगून भाऊ फारसा फिरकला नाही, आणि वडील गेल्यावर मात्र मालमत्तेच्या कागदपत्रांसाठी तातडीने हजर झाला. त्याला आता दीड वर्ष होऊन गेले. वडील गेले तेव्हा मला रडू आले नाही आणि अजूनही येत नाही. आत काहीतरी कोरडे पडल्यासारखे वाटते, क्षुल्लक कारणावरून चिडचिड होते, पहाटे तीनला जाग येते, मान आणि खांदे सतत आखडलेले असतात. डॉक्टरांनी तपासण्या करून नैराश्याचे निदान केले आणि पाच महिन्यांपूर्वी गोळ्या सुरू केल्या. झोप थोडी सुधारली, कोरडेपणा तसाच आहे. मैत्रिणीच्या आग्रहाने मी एका होलिस्टिक, म्हणजे शरीर-मनाचा एकत्र विचार करणाऱ्या, थेरपिस्टकडे जाऊ लागले. पहिल्या भेटीत त्यांनी झोप, खाणे, श्वास, बालपण, नाती असे सगळे विचारले आणि इतक्या शांतपणे ऐकून घेतले की, खूप दिवसांनी मला हलके वाटले. गेल्या भेटीत मात्र त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. भावाला मनापासून क्षमा करणारे पत्र लिहा, कारण त्याशिवाय शरीरात साठलेले दुःख मोकळे होणार नाही. आणि गोळ्या भावना दाबून टाकतात, तेव्हा त्या सोडण्याचा विचार करा. मला भावाला क्षमा करावीशी वाटत नाही. त्यामुळे मीच बरी व्हायला तयार नाही की काय, असा अपराधभाव वाटू लागला आहे. माझे पती म्हणतात, हे सगळे थोतांड आहे. मी तिकडे जात राहावे की सोडावे?

– एक द्विधा वाचक

उत्तर

सप्रेम नमस्कार.

तुमच्या प्रश्नाचे थेट उत्तर आधी देतो. गोळ्या स्वतःच्या किंवा थेरपिस्टच्या मनाने सोडू नका, क्षमापत्र इतक्यात लिहू नका, आणि थेरपिस्टकडे जाणेही एवढ्यावरून लगेच थांबवू नका. मात्र पुढच्या भेटीत एक गोष्ट स्पष्टपणे बोलावी लागेल, आणि ती बोलल्यावर समोरून काय उत्तर येते त्यावर पुढचे बरेचसे अवलंबून राहील. पत्र वाचताना मला अधिक खटकला तो तुमचा अपराधभाव. संपूर्ण माणसाकडे पाहण्याचे आश्वासन देणाऱ्या उपचाराने तुमच्या नकारालाही त्या संपूर्णतेत जागा द्यायला हवी. ज्या खोलीत तुमची झोप, श्वास आणि बालपण विचारात घेतले जाते, तिथे ‘मला हे करावेसे वाटत नाही’ हे वाक्य आजाराचे लक्षण ठरत असेल, तर ती दृष्टी अर्धीच राहिली असे म्हणावे लागेल.

‘थोतांड’ या शब्दाविषयी दोन गोष्टी सांगतो, कारण तुमच्या पतींचा संशय सर्वस्वी निराधार नाही, पण सरसकटही खरा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 1948 मध्ये अमलात आलेल्या घटनेत आरोग्याची व्याख्या शारीरिक, मानसिक आणि सामाजिक स्वास्थ्य अशी केलेली आहे. अमेरिकन वैद्य जॉर्ज एंगेल यांनी 1977 मध्ये लिहिलेल्या एका प्रसिद्ध लेखात, आजार केवळ शरीरातील बिघाड म्हणून पाहणे अपुरे आहे आणि शरीर, मन व सामाजिक परिस्थिती यांचा एकत्रित विचार केला पाहिजे, अशी मांडणी केली. वैद्यकीय शिक्षणात ती आज मोठ्या प्रमाणावर शिकवली जाते. तेव्हा तुमच्या थेरपिस्टनी पहिल्या भेटीत जे प्रश्न विचारले ते कोणत्याही चांगल्या मानसोपचारात विचारले जायलाच हवेत. अडचण अशी की, ‘होलिस्टिक थेरपिस्ट’ हे नाव अनेक देशांत कायद्याने संरक्षित नाही. अनेक वर्षे मानसशास्त्राचे शिक्षण घेतलेली आणि देखरेखीखाली काम केलेली व्यक्ती ते नाव लावते, आणि शनिवार-रविवारच्या एखाद्या शिबिराचे प्रमाणपत्र असलेली व्यक्तीही लावते. म्हणून त्यांचे शिक्षण काय, त्यांच्या कामावर कोणा वरिष्ठाची देखरेख आहे का, आणि गरज पडल्यास त्या तुमच्या डॉक्टरांशी बोलायला तयार आहेत का, हे विचारण्यात कोणताही उद्धटपणा नाही. चांगल्या थेरपिस्टला या प्रश्नांची सवय असते.

पहिल्या भेटीनंतर तुम्हाला हलके वाटले, याला मी बरेच महत्त्व देतो. मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी 1957 मध्येच असे मांडले होते की, समोरच्याने विनाअट स्वीकारणे, मनापासून समजून घेणे आणि स्वतः कृत्रिम न वागणे हे माणसात बदल घडण्यासाठी आवश्यक असते. पुढे 1979 मध्ये एडवर्ड बॉर्डिन यांनी थेरपिस्ट आणि त्याच्याकडे आलेली व्यक्ती यांच्यातील सहकार्याचे तीन भाग सांगितले: दोघांमधील जिव्हाळा, कशासाठी काम करायचे याविषयीचे एकमत, आणि ते कोणत्या मार्गाने करायचे याविषयीचे एकमत. हे सहकार्य जितके पक्के, तितका उपचाराचा परिणाम चांगला, हे त्यानंतरच्या संशोधनात वेगवेगळ्या उपचारपद्धतींच्या बाबतीत पुन्हा पुन्हा दिसले आहे. तुमच्या बाबतीत जिव्हाळा जुळलेला आहे, पण मार्गाविषयीचे एकमत झालेलेच नाही. क्षमापत्राचा मार्ग तुम्हाला न विचारता ठरला. ही उणीव भरून निघू शकते, आणि नीट भरून निघाली तर नाते पूर्वीपेक्षा घट्टही होते.

आता शरीराविषयी. श्वासाचे आणि शरीराकडे लक्ष देण्याचे जे काम तुमच्याकडून करून घेतले जात असेल, ते अवश्य चालू ठेवा. श्वास सोडताना हृदयाची गती किंचित मंदावते आणि घेताना वाढते, हे शरीरशास्त्रातले साधे सत्य आहे. मिनिटाला सुमारे सहा श्वास इतक्या संथ लयीत, सोडण्याचा काळ थोडा लांबवून श्वसन केले, तर व्हेगस मज्जातंतूच्या द्वारे शरीर सावधपणाच्या अवस्थेतून विश्रांतीच्या अवस्थेकडे झुकते. चार वर्षे रात्रीबेरात्री वडिलांच्या हाकेकडे कान लावून झोपलेल्या माणसाचे शरीर ती सवय लगेच सोडत नाही, आणि तुमची पहाटे तीनची जाग व आखडलेले खांदे यांच्यामागे नैराश्याबरोबर हेही असू शकते. स्नायू आधी मुद्दाम ताणून मग सैल सोडण्याचा एडमंड जेकबसन यांनी शोधलेला व्यायाम जवळपास शंभर वर्षे वापरात आहे. आखडलेल्या मानेसाठी तोही करून पाहता येईल.

पण ‘शरीरात साठलेले दुःख’ हा शब्दप्रयोग शब्दशः घेऊ नका. दुःखाचा एखादा साठा खांद्यात किंवा पोटात बसलेला असतो आणि योग्य कृती केली की तो बाहेर पडतो, असे दाखवणारा पुरावा नाही. मेंदू आणि मज्जासंस्था काही प्रतिसाद शिकतात, ते प्रतिसाद स्नायूंमध्ये, पचनात, झोपेत उमटतात, आणि सुरक्षिततेचा अनुभव वारंवार मिळाला की हळूहळू बदलतात. हे वर्णन मोहक नाही, परंतु त्याचा एक फायदा आहे: त्यात तुमच्यावर काही ‘सोडून देण्याची’ जबाबदारी येत नाही. साठा मोकळा करायचा आहे असे मानले की तो मोकळा झाला नाही याचा दोष आपोआप रुग्णाच्या माथी येतो, आणि तुमच्या बाबतीत नेमके तेच घडलेले दिसते.

गोळ्यांबाबत मी अजिबात लवचीक नाही. तुमच्या थेरपिस्टच्या बोलण्यात सत्याचा एक अंश आहे, तो मान्य करतो: काही नैराश्यविरोधी औषधांनी काही जणांच्या भावना बोथट होतात, सुख आणि दुःख दोन्ही दुरून आल्यासारखी वाटतात, आणि हा परिणाम वैद्यकाला ठाऊक आहे. मात्र तुमचा कोरडेपणा वडील गेले त्या दिवसापासूनचा आहे आणि गोळ्या पाच महिन्यांच्या आहेत. म्हणजे कोरडेपणाचा उगम गोळ्यांत असू शकत नाही, फार तर त्यात त्यांनी भर घातली असेल. ती घातली आहे का, मात्रा किंवा औषध बदलावे का, हे औषध लिहून देणाऱ्या डॉक्टरांना विचारा, आणि ‘झोप सुधारली पण रडू येत नाही’ हे त्यांना याच शब्दांत सांगा, कारण घाईच्या तपासणीत रुग्ण झोपेविषयी सांगतो आणि उरलेले राहून जाते. बरे वाटू लागल्यावरही ही औषधे साधारणपणे किमान सहा महिने चालू ठेवण्याचा सल्ला दिला जातो, आणि ती एकदम थांबवली तर चक्कर, अस्वस्थता, झोप उडणे, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखी संवेदना असे त्रास होऊ शकतात. पर्याय म्हणून ‘नैसर्गिक’ काही सुचवले गेले तर विशेष सावध राहा. सेंट जॉन्स वर्ट नावाची वनस्पती अनेक ठिकाणी दुकानात सहज मिळते, पण नैराश्यविरोधी गोळ्यांसोबत घेतल्यास शरीरातील सेरोटोनिन हे रसायन धोकादायक पातळीपर्यंत वाढू शकते.

रडू न येण्याविषयी मला थोडे सविस्तर लिहायचे आहे, कारण तुमच्या पत्रातल्या सगळ्या प्रश्नांच्या खाली मला हाच प्रश्न दिसतो. दीर्घ आजाराची शुश्रूषा करणाऱ्या व्यक्तीचा शोक बहुधा मृत्यूच्या आधीच सुरू झालेला असतो. बोलते-चालते वडील कधीच हरवलेले असतात, आणि ज्या दिवशी ते जातात त्या दिवशी मनात दुःखाबरोबर सुटकेची भावनाही येते. सुटका वाटली याची लाज वाटते, म्हणून ती दाबली जाते, आणि तिच्यासोबत दुःखही दाबले जाते. तुम्ही पत्रात सुटकेचा उल्लेख केलेला नाही. ती तुम्हाला वाटलीच असेल असा माझा आग्रह नाही. पण वाटली असेल, तर ती थेरपिस्टसमोर मोठ्याने उच्चारणे हे भावाला क्षमा करण्यापेक्षा कितीतरी निकडीचे काम आहे.

शोकाचा अभ्यास करणाऱ्या मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शूट यांनी 1999 मध्ये मांडलेले प्रारूप मला या बाबतीत फार उपयोगी वाटते. त्यांच्या मते शोक करणारा माणूस दोन बाजूंमध्ये ये-जा करतो: कधी गेलेल्या माणसाकडे वळतो, आठवतो, हळहळतो, कधी त्याकडे पाठ फिरवून घर, काम, नवी घडी यांत गुंततो. दोन्ही आवश्यक आहेत, आणि निरोगीपणा या ये-जा करण्यात आहे. तुमची ये-जा एका बाजूला अडकलेली दिसते. चार वर्षे कामे उरकण्याची सवय झाली, मृत्यूनंतर लगेच कागदपत्रांचा विषय आला, आणि वडिलांकडे वळण्याची संधीच भावावरच्या संतापाने व्यापली. आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात आता ‘दीर्घकालीन शोक विकार’ असे स्वतंत्र निदान आहे. त्यात गेलेल्या माणसाची ओढ किंवा सतत ध्यास, आणि त्यासोबत तीव्र दुःख किंवा बधिरता दीर्घकाळ टिकून रोजच्या जगण्यात अडथळा आणते, आणि अशा शोकासाठी खास आखलेले उपचारही उपलब्ध आहेत. हे निदान तुम्हाला लागू होते असे मी एका पत्रावरून म्हणणार नाही, पण दीड वर्षाचा कालावधी पाहता डॉक्टर आणि थेरपिस्ट दोघांनाही तसा प्रश्न अवश्य विचारावा.

क्षमेचे महत्त्व मी नाकारत नाही. माझा आक्षेप तिच्या घाईला आहे. क्षमेवर आयुष्यभर संशोधन करणारे रॉबर्ट एनराइट यांनी क्षमेच्या प्रक्रियेचे जे टप्पे मांडले आहेत, त्यांतला पहिलाच टप्पा राग उघड करण्याचा आहे: काय घडले, त्याने आपले काय नुकसान झाले, आपण किती संतापलो आहोत, हे आधी पूर्णपणे मान्य करायचे. क्षमा करायची की नाही याचा निर्णय त्यानंतर येतो, आणि तो ज्याचा त्याचा असतो. तुम्हाला थेट शेवटच्या पायरीवर उभे केले गेले आहे. शिवाय क्षमा आणि समेट या वेगळ्या गोष्टी आहेत. मनातून क्षमा करूनही भावाशी व्यवहार मर्यादित ठेवता येतो, आणि क्षमा न करताही त्याच्याशी सभ्यपणे बोलता येते. क्षमा न करता बरी झालेली माणसे पुष्कळ आहेत. तुमचा राग काही खोटे सांगत नाही. एकाने केले, दुसऱ्याने टाळले आणि तरीही वाटा मागितला, हे घडलेले आहे, आणि ते अन्याय्य आहे असे म्हणण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. इथे एक व्यवहाराची सूचनाही करून ठेवतो, विषय थोडा बाजूला जात असला तरी. कागदपत्रांचे काही अद्याप बाकी असेल, तर क्षमेच्या कोणत्याही भावनिक लाटेत त्यांवर सही करू नका; तो विषय वकिलाच्या सल्ल्याने वेगळा हाताळा, आणि असे कोणतेही पत्र भावापर्यंत पोहोचू देऊ नका, ज्याचा पुढे तुमच्याविरुद्ध वेगळा अर्थ लावता येईल.

लिहिण्याचा मार्ग मात्र चांगला आहे, आणि तो क्षमेशिवायही वापरता येतो. जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी 1986 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटे, आयुष्यातील क्लेशकारक प्रसंगाविषयी लिहायला सांगितले. लिहिल्यावर लगेच त्यांना अधिक वाईट वाटले, पण पुढच्या महिन्यांत घटना आणि भावना दोन्हींविषयी लिहिणाऱ्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या इतरांपेक्षा कमी झाल्या. नंतरच्या अनेक प्रयोगांत हा परिणाम सरासरीने लहानच निघाला, तेव्हा त्याकडून चमत्काराची अपेक्षा नको. तुम्ही लिहायचेच ठरवले, तर वडिलांना लिहा. त्यांच्यावरही तुमचा राग असेल: त्यांनी भावाला कधी जाब विचारला नाही म्हणून, तुमचे करणे गृहीत धरले म्हणून, किंवा आणखी कशासाठी. गेलेल्या माणसावर रागावणे अनेकांना इतके अवघड जाते की तो सगळा राग जिवंत असलेल्याच्या खात्यावर जमा होतो. हे तुमच्या बाबतीत खरे आहे की नाही, हे लिहिताना तुम्हालाच कळेल. पत्र कोणाला दाखवायचे नाही, पाठवायचे नाही, शुद्धलेखन पाहायचे नाही, आणि लिहून झाल्यावर कोसळल्यासारखे वाटले तर पुढचा भाग थेरपिस्टच्या सोबतीने लिहायचा.

‘मी बरी व्हायला तयार नाही की काय’ हे वाक्य, माझा अंदाज आहे, तुमचे स्वतःचे नाही. वैयक्तिक विकासाच्या बोलण्यात ते सर्रास ऐकू येते, आणि मला ते क्रूर वाटते, कारण त्याने न सुटलेल्या प्रत्येक त्रासाचे कारण त्रास भोगणाऱ्याच्या इच्छेत शोधले जाते. संकटानंतर माणसात काही चांगले बदल होऊ शकतात, नाती अधिक जवळची वाटू लागतात, प्राधान्ये बदलतात, असे रिचर्ड टेडेस्की आणि लॉरेन्स कॅल्हून यांनी 1990च्या दशकात सविस्तर मांडले. पण त्यांनीच हेही सांगितले की, असा बदल संकटातून आपोआप येत नाही, संकटाशी झगडताना येतो, आणि तो आला तरी दुःख संपतेच असे नाही; दोन्ही बरोबर नांदतात. नंतरच्या अभ्यासांत असेही दिसले की, माणसे ‘मी किती बदललो’ म्हणून जे सांगतात आणि प्रत्यक्षात मोजलेला बदल यांचा मेळ पुष्कळदा बसत नाही. तेव्हा विकास हे आत्ताचे उद्दिष्ट ठेवू नका. पहाटेची झोप, चिडचिडीचे प्रमाण, वडिलांचा फोटो पाहता येणे, एखाद्या जुन्या आवडीकडे पुन्हा वळावेसे वाटणे, इतकी साधी मापे पुरेशी आहेत, आणि ती थेरपिस्टसोबत बसून लिहून काढा.

पुढच्या भेटीत, शक्यतो सुरुवातीलाच, असे काही म्हणून पाहा: ‘तुमच्याकडे मला ऐकले गेल्यासारखे वाटते, म्हणूनच हे सांगते आहे. भावाला क्षमा करायची माझी तयारी नाही, आणि ती नसल्यामुळे मी अपयशी ठरते आहे असे मला वाटू लागले आहे. मला आधी वडिलांविषयी बोलायचे आहे. आणि औषधांचा निर्णय मी डॉक्टरांसोबतच घेईन.’ त्यांनी हे ऐकून घेतले, आपण घाई केली का असे स्वतः विचारले, आणि कामाची दिशा तुमच्याशी बोलून बदलली, तर तुम्ही योग्य व्यक्तीकडे आहात. आणखी दोन महिने निश्चिंतपणे जा आणि मग वरच्या मापांवर आढावा घ्या. त्यांनी तुमच्या बोलण्याला ‘प्रतिकार’ म्हटले, ‘तुम्हाला बरे व्हायचे आहे ना?’ असे विचारले, डॉक्टरांशी बोलायला नकार दिला किंवा महागडे शिबिर हाच उपाय असल्याचे सुचवले, तर दुसरी व्यक्ती शोधा, आणि त्या कोमल आवाजात बोलल्या म्हणून निर्णय लांबवू नका. मानसोपचारानेही काहींची अवस्था बिघडते. संशोधनात हे प्रमाण शंभरातल्या साधारण पाच ते दहा जणांपर्यंत आढळते, आणि पुष्कळदा बिघाड वेळेवर ओळखला जात नाही, कारण सांगणाऱ्याला संकोच वाटतो आणि ऐकणाऱ्याला ते दिसत नाही. श्वासाचे किंवा ध्यानाचे काम करताना भीती अनावर झाली, आपण स्वतःपासून तुटल्यासारखे वाटले, तर डोळे उघडून थांबा आणि ते लगेच सांगा. जगणे नको असे विचार कधीही मनात आले, तर पुढच्या ठरलेल्या भेटीची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांशी किंवा तातडीच्या मदतसेवेशी संपर्क साधा.

पतींना तुम्ही थेरपीचे समर्थन ऐकवू नका. त्यातून केवळ वाद होईल. त्यांना एवढेच सांगा की, गोळ्या चालू राहणार आहेत, थेरपिस्टचे शिक्षण तुम्ही विचारून घेणार आहात, आणि दोन महिन्यांनी फरक पडला का हे त्यांनीही सांगायचे आहे, कारण चिडचिड कमी झाली की नाही हे घरातल्या माणसाला आपल्याआधी कळते. डॉक्टरांची वेळ मात्र थेरपिस्टच्या पुढच्या भेटीच्या आधीची घ्या, म्हणजे औषधांचा प्रश्न त्या खोलीत नेण्यापूर्वीच मिटलेला असेल आणि तिथला सगळा वेळ वडिलांसाठी राहील.